नकार नेमका कशाला?

घरगुती वस्तू, मोबाइल, शेतीची अवजारे स्वतः वापरून त्यांचे बरे-वाईट सांगणारी मंडळी आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथेही कोणी नोकरी सांभाळून, कोणी दुकान सांभाळून हे काम करते. त्यांच्या वाट्याला येते ते मात्र बहुतेकदा सारखेच. कंपनीकडे परीक्षणासाठी वस्तू मागावी तर उत्तर येत नाही. आलेच तर कंपनीच्या जाहिरात एजन्सीचा एकच प्रश्न असतो, फॉलोअर किती? आपल्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन देणाऱ्या योजनेत शिरावे तर तिथे मुदत असते. अॅमेझॉनच्या योजनेत नव्या माणसाकडून १८० दिवसांत निदान ३ विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. अशी दोन-चार दारे बंद झाली की माणूस स्वतःच्या लिखाणालाच नावे ठेवू लागतो. खचण्याआधी त्याने हा नकार कशाला मिळाला ते पाहावे, असे मला वाटते. कंपनीला हवी होती जाहिरातीसाठी गर्दी, आणि ती त्याच्याकडे नव्हती. त्याचे परीक्षण तिथे बहुधा कोणी वाचलेलेही नसते.

ही मनाची समजूत नव्हे. कायदाही या व्यवहाराकडे असेच पाहतो. २०२२ साली प्राप्तिकर कायद्यात कलम १९४आर आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला, की प्रसिद्धीसाठी दिलेली वस्तू समाजमाध्यमावरच्या माणसाने ठेवून घेतली तर तो लाभ समजायचा आणि वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेल्यास १० टक्के कर कापायचा. वस्तू परत केली तर लाभ नाही. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेने फुकट वस्तू, सवलती, सहली हे सारे हितसंबंध मानून ते ठळकपणे सांगणे बंधनकारक ठरवले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कंपनीकडून आलेला आणि ठेवून घेतलेला नमुना हा सरकारच्या लेखी मोबदला आहे. तो मिळाला नाही तर एक धंदा हुकला, एवढेच. टेंडर दुसऱ्याला गेले म्हणून गवंडी आपल्याला भिंत बांधता येत नाही असे मानत नाही. उलट या क्षेत्रातल्या सर्वांत विश्वासार्ह संस्थांनी कंपनीच्या दारात जाणेच टाळले. अमेरिकेतील कन्झ्युमर्स युनियन १९३६ साली सुरू झाली ती वस्तू दुकानातून पैसे मोजून घ्यायच्या आणि जाहिरात घ्यायची नाही, या नियमावर. सुरुवातीच्या काळात तर अनेक वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी तिची पैसे देऊन केलेली जाहिरातही छापायला नकार दिला. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी केली, वस्तू तपासल्या आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवले. त्यांच्यामागे कोणत्याही उत्पादकाचा आशीर्वाद नव्हता.

कंपनीच्या नमुन्याने परीक्षण खरोखर किती सुधारते, हेही पाहिले पाहिजे. एअर कूलर घ्या. नवीन कूलरची पेटी उघडली, वारा मोजला, आवाज ऐकला आणि गुण दिले, असे परीक्षण कुठल्याही शहरात बसून होते. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर, प्रश्न वेगळे असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार हनीकोंबच्या जाळीत साचून पांढरा थर धरतो, पाणी मग एकाच बाजूने ओघळते आणि अर्धी जाळी कोरडी राहते. अशा वेळी गवताच्या ताट्यांचा जुना लोखंडी कूलर बरा, कारण ताट्या बदलायला थोडे पैसे लागतात आणि त्या गावात मिळतात. जाळीचा तो विशिष्ट आकार मात्र मागवावा लागतो. पाण्याचा पंप दुसऱ्या उन्हाळ्यात टिकला का, हे तर पेटी उघडल्याच्या दिवशी कळूच शकत नाही. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाचेही तेच. पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, दिवसभर फिरल्यावर पट्टा खांद्याला काचतो का, झाकणाच्या वॉशरमधून औषध पाठीवर झिरपते का, हे सांगणारा माणूस इथला हवा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा गळणारा पंप ही किरकोळ बाब नाही हे साऱ्यांना कळले. हे परीक्षण कोणत्याही कंपनीच्या प्रसिद्धी मोहिमेत बसणारे नाही, आणि म्हणूनच ते तिकडून नाकारले जाणार हे धरून चालावे.

नकार कसा असावा, याचा एक जुना दाखला मात्र विसरण्यासारखा नाही. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी आधीच छापल्या होत्या: खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, बाईला फार न थकता सलग ८ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या वर नसावी, २० वर्षे टिकावा, वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीला तयार झालेले यंत्रही अटींत उतरले नाही. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडले. त्यातले चरखे पाहताना मला ही यादी आठवते, कारण वस्तुपरीक्षणाचा याहून चांगला नमुना मराठी मुलखात मला दिसत नाही. सारी मोजमापे वापरणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिली आहेत. आणि नाकारले गेलेल्या संशोधकाला आपण कुठे कमी पडलो, सूत कमी निघाले की किंमत वाढली, ते कळत होते. आजच्या एजन्सीच्या नकारात असे काहीच सापडत नाही. ज्या नकारात कारणच नाही, त्यातून स्वतःची लायकी ठरवायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

यावर कोणी म्हणेल, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. उद्या कंपनीने वस्तू पाठवली तर हीच माणसे घेणार नाहीत का? घेतीलही, आणि उघड सांगून घेतली तर त्यात पाप नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तत्त्वाने पोट भरत नाही, प्रत्येक वस्तू विकत कोण घेणार? मान्य. हा एकट्याचा पूर्णवेळ धंदा होईल असे तालुक्याच्या गावात बसलेल्या माणसाला सांगणे ही फसवणूक ठरेल, आणि तसे सांगणारे शिकवणीवर्ग मला कंपन्यांपेक्षा जास्त खटकतात. पण खर्च वाटतो तेवढाही नसतो. महिन्याला दहा वस्तू उघडून दाखवण्याचा हव्यास सोडला, तर घरात, शेजारी, मामाच्या शेतावर आधीच वापरात असलेल्या वस्तू पुरून उरतात. दोन वर्षे वापरलेला मिक्सर हा नव्या मिक्सरपेक्षा जास्त बोलतो.

खरा नकार वेगळाच आहे आणि तो मी झाकणार नाही. वाचकाने पाठ फिरवली, लेख उघडून लगेच मिटला, किंवा खाली प्रतिक्रियेत लिहिले की यातून काय घ्यावे ते कळलेच नाही, तर तो नकार कामालाच मिळालेला असतो. तिथे एजन्सीला दोष देऊन भागत नाही. अनेक मराठी परीक्षणांत कंपनीच्या माहितीपत्रकाचे भाषांतर असते, वॉटचे आणि लिटरचे आकडे असतात, आणि घ्यावे की नाही या प्रश्नावर लेखक 'गरजेनुसार ठरवा' म्हणून मोकळा होतो. असे लिखाण वाचकाने टाकले तर त्याचे काही चुकले नाही. ते सुधारायला कंपनीची परवानगी लागत नाही. आपल्या अटी आधी लिहाव्यात, वस्तू त्या अटींवर तपासावी, आणि कूलर-मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसावे. कोणत्या कंपनीची मोटार पहिल्याच वर्षी जळून येते, कोणाचे सुटे भाग मिळत नाहीत, हे त्याच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. आणि या विषयावर अजून त्याला कोणी काही विचारलेले नसते.