माझे मत : गेम करणे वाईट नाही



मागच्या पालकसभेत एक काका म्हणाले, "शाळेत पोरं गेम खेळतात आणि घरी येऊन मोबाइल मागतात. तो संगणक बंदच ठेवा." तेव्हापासून आमचा शनिवारचा संगणकाचा तास बंद आहे. मोठ्यांना उलट बोलू नये हे मला माहीत आहे. पण आम्हाला कोणी विचारलेच नाही, म्हणून मी इथे लिहीत आहे.

गेम खेळणे वेगळे आणि गेम करणे वेगळे. मी दोन्ही केले आहे. खेळताना सगळे दुसऱ्याने केलेले असते, आपण नुसते बोट दाबायचे. करताना मात्र एकेक गोष्ट सांगावी लागते. संगणक हुशार असतो असे सगळे म्हणतात, पण मला तसे वाटत नाही. त्याला "पाखरू उडव" सांगितले की ते उडत जाते आणि पडद्याच्या कडेला चिकटून बसते. मागे फिर असे कोणी सांगितलेच नाही ना!

आम्ही स्क्रॅचवर करतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने ते २००७ साली मुलांसाठी आणले. त्याला पैसे पडत नाहीत. त्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, म्हणजे तोच हुकूम. ठोकळ्यांवरच्या इंग्रजी शब्दांचे अर्थ बाईंनी पुठ्ठ्यावर लिहून दिले होते.

आधी मी फार मोठा गेम करायला घेतला. त्यात ट्रॅक्टर, विहीर, पाऊस आणि बिबट्या होता. तीन शनिवार गेले तरी बिबट्याचे चार पाय झाले नाहीत. त्यात लाइट गेली आणि जतन न केलेले सगळे पुसले. बाई म्हणाल्या, "अगं, एकच गोष्ट कर." मला राग आला होता. पण मग एकच केली. वर ज्वारीवर एक पाखरू, खाली माळ्यावर मी आणि माझ्या गोफणीचा एक गुंडा.

पाखरू कसे काढायचे ते मला आजीमुळे समजले. आमच्या भिंतीवर तिने दोसुतीवर भरलेला पोपट आहे. जवळून बघितला तर नुसते चौकोन, लांबून बघितला तर पोपट. जुन्या गेममधली चित्रे अशीच असायची. मी चौकटीच्या वहीत आठ आडवी आणि आठ उभी घरे घेतली, पाखरू काढले आणि तीच घरे संगणकावर रंगवली.

गणितही आले. पडद्याच्या मधोमध शून्य असते. उजवीकडे २४० पर्यंत आकडे आणि डावीकडेही २४०, पण त्यांच्यामागे वजाची खूण. शून्याच्या अलीकडे आकडे असतात हे आमच्या पुस्तकात अजून आलेले नाही, मला मात्र येते.

एकदा मात्र गंमत झाली. एका गुंड्याला ११ गुण मिळाले! सगळी मुले ओरडली, "लबाडी, लबाडी!" पण ती लबाडी नव्हती. संगणक एका सेकंदात तीस वेळा बघतो. गुंडा पाखराला चिकटून होता तोवर तो दर वेळी एकेक गुण देत राहिला. लागल्याबरोबर गुंडा लपवायचा, हे मला दोन शनिवारांनी सुचले. त्या दोन शनिवारांना खेळ म्हणायचे का अभ्यास, हे पालकांनीच सांगावे.

आमच्या वर्गातली काही मुले हसतात. म्हणतात, एक पाखरू अन् एक दगड, हा कसला गेम? त्यांना मी सांगते, १९७२ साली अमेरिकेत पाँग नावाचा गेम आला. त्यात दोन फळ्या आणि एक चेंडू एवढेच होते. अॅलन अल्कॉर्न नवीन नोकरीला लागले तेव्हा त्यांना तो सराव म्हणून करायला दिला होता. पुढे तो पैसे टाकून खेळायला लोक येऊ लागले. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स केला. त्यात वरून रांगेने शत्रू येतात आणि खाली आपली एकच तोफ असते, अगदी माझ्या माळ्यासारखी. शत्रू कमी झाले की यंत्राचे काम हलके व्हायचे आणि उरलेले जोरात पळायचे. निशिकादोंनी ते तसेच ठेवले, आणि खेळणाऱ्यांना तेच आवडले.

माझे मत असे आहे की, मोबाइलवर खूप वेळ खेळणाऱ्याला जरूर रागवावे. माझ्या भावाला तर रागवावेच. पण त्यासाठी शाळेतला तास बंद करू नये. शनिवारी अर्धा तास पुरे, आम्ही पाळीपाळीने बसू. काकांनीही यावे, त्यांना मी गोफण मारायला शिकवीन.

हळदीकुंकवाला आजी शाळेत आली होती, तेव्हा ती खेळली. तिला ४ गुण मिळाले. ती म्हणाली, "पाखराची चोच आखूड झाली गं, एक घर वाढव." ते एक घर वाढवायचे अजून राहिले आहे.

इयत्ता ४ थी