व्यावसायिक संपर्क-माहिती मंच

व्यावसायिक संपर्क-माहिती मंच म्हणजे कंपन्यांची व त्यांतील अधिकाऱ्यांची नावे, पदे, कार्यालयीन ईमेल, दूरध्वनी क्रमांक इत्यादी माहिती गोळा करून ती विक्री विभागांना वर्गणीवर पुरवणाऱ्या सेवा होत. झूमइन्फो, अपोलो, कॉग्निझम, लुशा, लिंक्डइन सेल्स नॅव्हिगेटर आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही या क्षेत्रातील प्रमुख नावे आहेत. त्यांची तुलना बहुधा नोंदींच्या संख्येवरून केली जाते. ही मोजपट्टी फसवी आहे. माहिती कोणाकडून व कोणत्या मार्गाने मिळवली, यावर तिची अचूकता, ती कोणत्या प्रदेशात उपयोगी पडेल आणि ती वापरणे कायदेशीर आहे की नाही, या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

इतिहास

या व्यवसायाचे मूळ पतमाहितीत आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर, १८४१ मध्ये, लुईस टॅपन यांनी न्यू यॉर्क येथे 'मर्कंटाइल एजन्सी' स्थापन केली. गावोगावचे वार्ताहर स्थानिक व्यापाऱ्यांच्या पतीविषयी कळवत आणि त्या नोंदी वर्गणीदारांना उपलब्ध होत. याच संस्थेतून पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी उभी राहिली. तिने १९६३ मध्ये सुरू केलेला नऊ अंकी 'डन्स' क्रमांक आजही कंपन्यांची ओळख पटवण्यासाठी जगभर वापरला जातो.

कंपनीऐवजी व्यक्ती हा विक्रीचा माल झाला तो विसाव्या शतकानंतर. जिगसॉ या अमेरिकी सेवेत सदस्य आपल्याकडील व्हिजिटिंग कार्डांवरील तपशील भरून गुण मिळवत आणि त्या गुणांवर इतरांनी भरलेले तपशील घेत. कार्ड ज्याचे, त्याला या देवघेवीत स्थान नव्हते. सेल्सफोर्सने २०१० मध्ये ही सेवा १४.२ कोटी डॉलरना विकत घेतली, पुढे तिला डेटा डॉट कॉम असे नाव दिले आणि अखेरीस ती बंद केली. डिस्कव्हरऑर्ग या कंपनीने २०१९ मध्ये झूमइन्फो विकत घेऊन तेच नाव धारण केले. २०२० मध्ये तिचे समभाग नॅसडॅकवर आले.

माहितीचे स्रोत

लिंक्डइनवर सदस्य आपली माहिती स्वतः भरतो आणि नोकरी बदलली की बहुधा स्वतःच सुधारतो. त्यामुळे सध्याचे पद कळण्यासाठी सेल्स नॅव्हिगेटर हे साधन सर्वांत ताजे ठरते. मात्र ते ईमेल किंवा दूरध्वनी क्रमांक सरसकट देत नाही. संपर्क लिंक्डइनच्या आतच साधावा लागतो. इतर मंचांचा बाजार नेमक्या या उणिवेवर उभा आहे.

ही उणीव भरून काढण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. झूमइन्फोच्या मोफत आवृत्तीत वापरकर्ता आपल्या मेलपेटीतील संपर्क आणि ईमेलखालील स्वाक्षऱ्या वाचू देतो व त्याबदल्यात सेवा वापरतो. परवानगी त्याची असते, पण स्वाक्षऱ्या त्याला पत्र लिहिणाऱ्यांच्या असतात. कॉग्निझम काही मोबाइल क्रमांक माणसांकरवी फोन करून पडताळते आणि विविध देशांच्या 'फोन नको' याद्यांशी जुळवून पाहते. काही सेवा संकेतस्थळांवरील मजकूर यंत्राद्वारे उचलतात, म्हणजेच स्क्रेपिंग करतात. उरलेल्या ठिकाणी निव्वळ अनुमान असते: कंपनीतील एकाचा ईमेल नाव-आडनाव अशा क्रमाने असेल, तर दुसऱ्याचाही तसाच असणार असे धरले जाते.

असे अनुमानित पत्ते तपासण्यासाठी समोरच्या मेल सर्व्हरला 'हे खाते आहे का' असे विचारले जाते. अनेक कंपन्यांचे सर्व्हर कोणत्याही नावाचे पत्र स्वीकारतात, त्यामुळे होकार आला तरी काही सिद्ध होत नाही. चुकीच्या पत्त्यांवर पाठवलेली पत्रे परत येतात आणि पाठवणाऱ्याच्या डोमेनची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांनी स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, अशी गूगलची अट आहे. स्वस्त यादीची किंमत अशी नंतर मोजावी लागते.

त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्याच शंभरेक ज्ञात ग्राहकांची नावे प्रत्येक मंचावर शोधून पाहणे ही कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वसनीय कसोटी होय. किती नावे सापडली आणि सापडलेल्यांपैकी किती तपशील बरोबर निघाले, हे दोन आकडे मात्र वेगळे ठेवावे लागतात. झूमइन्फो वार्षिक करारावर विकले जाते, तर अपोलोची मोफत व मासिक आवृत्तीही असल्याने छोट्या कंपन्यांना अशी चाचणी तेथे सोपी जाते.

वाद आणि कायदा

२०१८ मध्ये अपोलोचे असुरक्षित विदागार उघडकीस आले. त्यात सुमारे १२.६ कोटी ईमेल पत्ते होते. त्यांतील बहुतेक लोक अपोलोचे ग्राहक नव्हते आणि आपली नोंद तेथे आहे, याचीही त्यांना कल्पना नव्हती.

युरोपीय महासंघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांनुसार, व्यक्तीची माहिती तिसऱ्याकडून मिळवणाऱ्याने साधारणतः एका महिन्याच्या आत त्या व्यक्तीस कळवावे लागते. फ्रान्सच्या नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कॅस्पर या सेवेला २,४०,००० युरोंचा दंड केला. ज्या लिंक्डइन सदस्यांनी आपले संपर्क-तपशील मर्यादित ओळखींनाच दिसावेत असे ठरवले होते, त्यांचेही तपशील तिने गोळा केले होते. तिच्याकडे सुमारे १६ कोटी संपर्क होते. अमेरिकेत चित्र संदिग्ध राहिले. हायक्यू विरुद्ध लिंक्डइन या खटल्यात सार्वजनिक माहिती उचलणे संगणक-घुसखोरीच्या कायद्यात बहुधा बसत नाही, असे अपील न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. त्याच वर्षी कनिष्ठ न्यायालयाने हायक्यूने वापर-कराराचा भंग केल्याचे ठरवले.

भारतातील स्थिती

भारतात मुख्य स्रोत कंपनी व्यवहार मंत्रालयाची नोंदवही हा आहे. प्रत्येक कंपनीचा २१ वर्णांचा ओळख क्रमांक, भागभांडवल आणि संचालकांची नावे तेथे मिळतात. टॉफ्लर व झौबा कॉर्प यांसारख्या सेवा हीच माहिती शोधण्याजोगी करून देतात. तिचा उगम वैधानिक असल्याने ती कंपनीविषयी भरवशाची, परंतु विक्रीसाठी अपुरी असते. नोंदवहीतील ईमेल बहुधा सनदी लेखापालाचा किंवा कंपनी सचिवाचा असतो. खरेदी विभागासाठी लिहिलेले पत्र त्याच्याकडे जाते.

शिवाय मालकी व्यवसाय आणि साध्या भागीदारी संस्था या नोंदवहीत नसतात. इचलकरंजीचा यंत्रमागधारक किंवा कोल्हापूरचा छोटा फौंड्रीवाला परदेशी मंचांवर क्वचितच सापडतो, कारण त्याचा व्यवहार फोनवर व व्हॉट्सॲपवर चालतो. या वर्गापर्यंत पोहोचतात त्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंडियामार्ट आणि मुंबईची जस्टडायल या सेवा. त्यांची दिशा उलटी आहे: खरेदीदार स्वतः चौकशी नोंदवतो आणि विक्रेते ती मिळवण्यासाठी पैसे मोजतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये युरोपातील 'वैध हितसंबंध' हा व्यापक आधार नाही; भर संमतीवर आहे. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली किंवा कायद्याने सार्वजनिक करावी लागणारी माहिती मात्र त्यातून वगळली आहे. संचालकांची नावे त्यामुळे या कायद्याबाहेर राहतात. सहकाऱ्याच्या मेलपेटीतून उचललेला मोबाइल क्रमांक या सवलतीत बसवणे कठीण आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. फोनवरील जाहिरातीसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम स्वतंत्रपणे लागू आहेत.