मोबाईल फोडला, धमकी मात्र घरातच राहिली

गेल्या पावसाळ्यात एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आमच्या वस्तीतल्या केंद्रावर आली. म्हणाली, "ताई, हिच्या वडलांनी मोबाईल भिंतीवर आपटला, शाळाही बंद केली. आता तर काही होणार नाही ना?"

झाले होते ते असे. मुलीचे नाव लावून एकाने मोबाईलवर हिच्याशी मैत्री केली, गोड बोलून एक फोटो मागवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून सुरू: आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या वर्गात सगळ्यांना पाठवतो. तीन आठवडे ती एकटीने सोसत राहिली. आईला बाहेर बसवून मी विचारले, घरी का नाही सांगितलेस? "सांगितलं असतं तर शाळा सुटली असती." झाले नेमके तेच!

मैत्रिणींनो, तो माणूस आपल्या घरांना पुरता ओळखून होता. त्याच्या हातात होता एक फोटो. बाकीची धमकी आपण पुरवली: अब्रू, लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल. ती त्याला जेवढी भ्यायली त्याहून अधिक आपल्याला भ्यायली.

आणि मोबाईल फोडून मिळवले काय? त्या माणसाचे संदेश, खात्याचे नाव, सारा पुरावा त्यातच होता. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सोय आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे असे फोटो त्यात सहभागी असलेल्या कंपन्यांना ओळखता यावेत म्हणून ती फोटोचा सांकेतिक ठसा मोबाईलमध्येच तयार करते, फोटो कुणाकडे जात नाही. पण त्यासाठी मूळ फोटो तर हवा!

शाळाशाळांतून इंटरनेट-सुरक्षेची व्याख्याने होतात. मीही दिली आहेत, म्हणून संकोचाने सांगते, आम्ही बोलतो ते मुलींनाच. फोटो टाकू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. वर्गातल्या मुलीचा असा फोटो पुढे ढकलणे हा गुन्हा आहे, पुढे पाठवण्याच्या इराद्याने जवळ ठेवणेही २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १५ खाली गुन्हा आहे, हे मुलग्यांना कोण सांगते? सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अशा चित्रांना 'अश्लील साहित्य' न म्हणता मुलांचे लैंगिक शोषण म्हणा, असे बजावले.

मुळात मुलींच्या हाती इंटरनेट आहे तरी किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. केरळातल्या एका मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल काढून घेत. एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या घरांतले वसतिगृह मात्र चालूच आहे.

तक्रार केली. पोक्सोप्रमाणे जबाब मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने. हे पोलिस ठाण्यात मलाच दोनदा वाचून दाखवावे लागले. अखेर जबाब मावशीच्या घरी झाला. वडील बाहेर ओट्यावर बसून होते, आत यायला तयार नव्हते.

दिवाळीनंतर मुलगी शाळेत जाऊ लागली. घरात नवा मोबाईलही आला आहे. तो भावाच्या खिशात असतो.