उठावाचे बीज भरती कार्यालयात होते

१/
मुंबईत कुलाब्याला १९४६ च्या नाविक उठावाचे स्मारक आहे. ‘तलवार’ या नौदल केंद्रात १८ फेब्रुवारीला पडलेली ठिणगी कराचीपर्यंत कशी पोहोचली, ही कथा इतिहासप्रेमींच्या परिचयाची आहे. या धाग्याचा विषय मात्र त्या दिवसांच्या आधीची पाच-सहा वर्षे हा आहे. हे तरुण नौदलात आले कसे? त्यांना कोणी आणले, आणि काय सांगून?

२/
मांडायचे मत थोडक्यात असे : उठावामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, निकृष्ट अन्न हे निमित्त होते, पण त्याचे बीज भरतीच्या धोरणात पेरले गेले होते. भरती हा राज्यसंस्था आणि तरुण यांच्यातला करार असतो. त्यातला एक पक्ष सही घेतल्यावर शब्द विसरला, तर दुसरा पक्ष तो आयुष्यभर लक्षात ठेवतो.

३/
नौदलाची भरती मुळातच अवघड. जहाज हेच कामाचे ठिकाण आणि हेच घर; महिनोन्‌महिने किनारा दिसत नाही. शिवाय प्रत्येक जागा कौशल्याची : इंजिन, तोफ, बिनतारी संदेश, दिशादर्शन. माणसे तुलनेने थोडी लागतात, पण निवडक लागतात, आणि शिकवून तयार केलेला एक जण निघून गेला की त्याची जागा उद्या सकाळी भरता येत नाही.

४/
जुन्या काळी यावरचे उत्तर किनाऱ्यावरच असे. शिवछत्रपतींच्या आरमाराला कोळी, भंडारी, दर्यावर्दी मुसलमान अशा समाजांनी माणसे पुरवली. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे त्याच परंपरेची साक्ष देतात. वारा, भरती-ओहोटी आणि खडकांचे ज्ञान मुलाला घरातच मिळे. आरमारात दाखल होण्यापूर्वीच तो खलाशी झालेला असे.

५/
ब्रिटनने दुसरी वाट धरली होती : सक्ती. बंदरातून, गुत्त्यातून, परतणाऱ्या व्यापारी जहाजावरून माणसे पकडून युद्धनौकांवर चढवणारी पथके नेपोलियनच्या पाडावापर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, कार्यरत होती. ठरावीक मुदतीची नियमित नोकरी ही पद्धत ब्रिटिश नौदलात १८५३ मध्ये आली. म्हणजे खलाशाला शब्द देऊन बोलवावे, ही कल्पनाही तशी अलीकडचीच.

६/
आता हिंदुस्थानकडे वळू. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव १९३४ मध्ये मिळाले. त्याआधीच्या ‘रॉयल इंडियन मरीन’पासून खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमानांतून होत असे, पुढे पंजाबी मुसलमानांचीही भर पडली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलाचे एकूण मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते.

७/
डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. बंगालच्या उपसागरात आता शत्रू येऊ शकत होता. नवी जहाजे हवी होती आणि जहाजांना माणसे. युद्ध संपेपर्यंत या नौदलाचे मनुष्यबळ २५ हजारांच्या वर गेले. सहा वर्षांत दहापटीहून अधिक वाढ! इतकी माणसे एकट्या रत्नागिरीच्या किनाऱ्याने पुरवणे शक्यच नव्हते.

८/
इथे साम्राज्याचा एक आवडता सिद्धान्त कोसळला. भूदलाची भरती ‘लढाऊ जाती’ ठरवून होत असे. शिक्षितांपेक्षा आज्ञाधारक शेतकऱ्याला पसंती असे. पण मोर्स संकेत, रडार आणि पाणबुडीशोधक यंत्रे जातीवर चालत नाहीत. त्यांना इंग्रजी वाचणारा आणि गणित येणारा मुलगा लागतो. म्हणून नौदलाने मद्रास, त्रावणकोर, बंगाल, मुंबई अशा सर्व भागांतील मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मुलांकडे मोर्चा वळवला.

९/
या मुलांना काय सांगितले गेले? चांगले वेतन, बढतीची संधी, तांत्रिक शिक्षण, सन्मानाचे जीवन. शिकून बेकार बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे पुरेसे होते. बहुतेकांचा समुद्राशी कसलाच वंशपरंपरागत संबंध नव्हता. त्यांना आरमारात घरच्या परंपरेने आणले नव्हते. भरती अधिकाऱ्याच्या शब्दाने आणले होते. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

१०/
प्रत्यक्षात काय मिळाले? गोऱ्या नौसैनिकापेक्षा कमी वेतन आणि भत्ते, निकृष्ट जेवण, दाटीवाटीचे निवास, आणि हिंदुस्थानची ओळख नसलेल्या अनेक युद्धकालीन गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ. दोघांचे काम तेच, धोका तोच, समुद्र तोच. केवळ पगारपत्रक वेगळे. युद्धकाळातही या नौदलात लहान-मोठे संप झाले होते. वरिष्ठांनी प्रत्येक संप सुटा प्रसंग मानून मिटवला.

११/
युद्ध चालू असतानाच, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, लोणावळ्यात नौदलाच्या यांत्रिक प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. त्याचे नाव ‘शिवाजी’. ज्या राज्यसंस्थेने मराठ्यांच्या आरमाराशी दीर्घकाळ झुंज घेतली, तिनेच आपल्या केंद्राला छत्रपतींचे नाव द्यावे, यात मोठा उपरोध आहे. नावाचा अभिमान बाळगायला शिकवायचे आणि तो बाळगणाऱ्याला दुय्यम वागवायचे, ही विसंगती फार काळ झाकून राहणार नव्हती.

१२/
ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि हजारो नौसैनिकांना घरी पाठवण्याची वेळ आली. बिनतारी संदेशाचे कौशल्य घेऊन गावी परतणाऱ्या मुलाने करायचे काय? पुनर्वसनाची ठोस योजना दिसत नव्हती. घरी जाताना दिलेले कपडे परत मागितले जाणे हा साधा मुद्दाही संतापाचा विषय झाला. बोलावताना स्वागत करणारी यंत्रणा निरोप देताना अंगरखे मोजत होती.

१३/
१ डिसेंबर १९४५ हा नौदल दिन. ‘तलवार’ हे कुलाब्याचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र त्या दिवशी नागरिकांना पाहण्यासाठी खुले होणार होते. सकाळी भिंतींवर ‘भारत छोडो’च्या घोषणा रंगवलेल्या आढळल्या. पुढे फेब्रुवारीच्या आरंभी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा घोषणा उमटल्या आणि बलाईचंद्र दत्त हा तरुण पकडला गेला. नौदलाचे वैभव लोकांना दाखवायचा दिवस नौदलाच्या अंतरंगाचे दर्शन घडवून गेला.

१४/
‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांनी नौसैनिकांना अपमानास्पद शिव्या दिल्याची तक्रार नोंदवली गेली. तिची दखल वेळेत घेतली गेली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी नौसैनिकांनी जेवण नाकारले आणि काम थांबवले. संपाच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष झाले एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. दोघेही संदेशवहन शाखेतले.

१५/
हा योगायोग नव्हता. संदेश ऐकण्यासाठी आणि पाठवण्यासाठी ज्यांना शिकवले होते, त्यांनीच बिनतारी यंत्रांवरून संपाची वार्ता जहाजाजहाजांवर पोहोचवली. पाहता पाहता ७८ जहाजे, किनाऱ्यावरील २० केंद्रे आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात सामील झाले. साक्षर मुलगा घेतला तर तो केवळ यंत्राची पुस्तिका वाचत नाही, वर्तमानपत्रही वाचतो. लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेचा खटला त्याने वाचलेला असतो.

१६/
मागण्यांची यादी म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची व राजबंद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत, या राजकीय मागण्या एका बाजूला. ब्रिटिश नौसैनिकांइतके वेतन, चांगले अन्न, किंग यांच्यावर कारवाई, लवकर सेवामुक्ती आणि योग्य पुनर्वसन, या दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या भागात भरतीच्या वेळी दिलेल्या शब्दाचीच वसुली मागितलेली दिसते.

१७/
२१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्सजवळ गोळीबार झाला. नौदलप्रमुख गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून धमकावले : नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण उठाव मोडून काढला जाईल. कराचीत ‘हिंदुस्थान’ जहाजावर तोफा डागल्या गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. सरदार पटेलांच्या मध्यस्थीनंतर २३ फेब्रुवारीला नौसैनिकांनी शरणागती पत्करली. सूडाची कारवाई होणार नाही, या आशेवर.

१८/
तीही आशा फोल ठरली. चारशेहून अधिक नौसैनिक बडतर्फ झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायलाही बराच काळ जावा लागला. या पिढीला शब्द तीनदा दिला गेला : भरतीच्या वेळी, शरणागतीच्या वेळी आणि स्वातंत्र्याच्या पहाटे. तिन्ही वेळा पदरी निराशाच आली.

१९/
चौकशीसाठी न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. सेवेच्या वाईट परिस्थितीबरोबरच, वंशभेद, अधिकाऱ्यांचे वर्तन आणि भरतीच्या वेळची न पाळलेली आश्वासने हे मुद्दे त्याच्यासमोर आले. उठाव बाहेरच्या चिथावणीने झाला, असे सांगणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते. कागदपत्रे मात्र खानावळीकडे, पगारपत्रकाकडे आणि भरतीच्या टेबलाकडे बोट दाखवत होती.

२०/
यावर आक्षेप येईल : अशाने देशभक्तीचे मोल कमी होत नाही का? होत नाही. पोटाची तक्रार आणि देशाची तक्रार वेगवेगळ्या माणसांच्या नव्हत्या. एकाच मुलाच्या होत्या. कमी पगार आणि परक्याची शिवी यांतूनच त्याला पारतंत्र्याचा अर्थ कळला. केवळ घोषणा लक्षात ठेवून सेवेच्या अटी विसरणे, हा त्या नौसैनिकांवर अन्याय आहे.

२१/
ब्रिटिशांच्या स्वतःच्या इतिहासात याचे उत्तर होते. १७९५ च्या कायद्यांनी प्रत्येक परगण्यावर नौदलासाठी माणसे देण्याचा वाटा बसवला. नव्या प्रकारची माणसे जहाजांवर आली. एप्रिल १७९७ मध्ये स्पिटहेड येथे आरमाराने संप केला. खलाशांचा पगार शंभराहून अधिक वर्षे वाढला नव्हता. सरकारने पगार वाढवला, नावडते अधिकारी हटवले, माफी दिली. वृद्ध ॲडमिरल हाऊ स्वतः खलाशांमध्ये गेले. आरमार पुन्हा समुद्रावर निघाले. दीडशे वर्षांनी मुंबईत मात्र हाऊ कोणी झाले नाही.

२२/
हा प्रश्न आजही जिवंत आहे. अमेरिकी नौदलाला २०२३ या आर्थिक वर्षात सुमारे ३७,७०० नव्या नौसैनिकांच्या उद्दिष्टापैकी ३०,२०० च्या आसपासच मिळाले. मग वयोमर्यादा आधीच ४१ वर नेलेली असताना शिक्षणाची अटही काहींसाठी शिथिल केली गेली, तयारी-वर्ग चालवले गेले, आणि २०२४ मध्ये उद्दिष्ट गाठले गेले. दार रुंद केले की माणसे आत येतात. ती आत का थांबतील, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

२३/
भारतात जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करणे. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील चिल्का केंद्रातून बाहेर पडली; नौदलात प्रथमच महिला नौसैनिक आल्या त्या याच तुकडीतून. या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात.

२४/
१९४६ शी थेट तुलना चुकीची ठरेल. आजचे नौदल स्वतंत्र देशाचे आहे, मुदत आधीच जाहीर केलेली आहे, सेवानिधी ठरलेला आहे. निमलष्करी दलांत व तटरक्षक दलात राखीव जागांची, व्यापारी जहाजांवर संधीची घोषणाही झाली आहे. म्हणजे करार लिहिलेला आहे. आता कसोटी तो पाळण्याची. गावी परतणाऱ्या पंचविशीच्या आतल्या नौसैनिकाला घोषणेतली जागा खरोखर मिळते का, यावर पुढच्या तुकडीचा विश्वास ठरेल.

२५/
कोणत्याही नौदलाची सर्वांत प्रभावी जाहिरात म्हणजे गावी परतलेला नौसैनिक. तो गावच्या पारावर बसून काय सांगतो, ते धाकटी भावंडे ऐकत असतात. कुलाब्याच्या स्मारकासमोर उभे राहताना १८ फेब्रुवारीची घोषणा जरूर आठवावी. त्याच्या आधी कधीतरी, कुठल्याशा भरती कार्यालयात, विश्वासाने सही करणारा सतरा वर्षांचा मुलगाही आठवावा.

धागा समाप्त.
#इतिहास #नाविकउठाव #मराठीधागा