कारण कळण्याचा हक्क

वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने उभारलेल्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या तीन संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तीसाठी 24 डिसेंबर 2023 रोजी सामाईक चाळणी परीक्षा झाली. विद्यार्थ्यांच्या हाती आलेली प्रश्नपत्रिका 2019 च्या सेट परीक्षेतली निघाली. परीक्षा रद्द झाली. 10 जानेवारी 2024 रोजी ती पुन्हा घेतली, तेव्हा प्रश्नपत्रिकांच्या काही संचांना सील नसल्याची तक्रार करत विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. पुढे परीक्षेचा नाद सोडून सरकारने सरसकट निम्मी अधिछात्रवृत्ती देऊ केली आणि पूर्ण रकमेसाठी पुन्हा आंदोलन उभे राहिले.

प्रश्नपत्रिकेचा घोळ सर्वांना दिसला. त्याहून मोठा अन्याय मात्र नियम उशिरा ठरण्यात आहे. बार्टीच्या 2021 च्या जाहिरातीतून 861 संशोधक विद्यार्थी पात्र ठरले, मग लाभ 200 जणांनाच देण्याचे घाटले. विद्यार्थी आझाद मैदानावर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे सर्वांचा विचार झाला. 200 हीच मर्यादा योग्य होती, तर 861 जणांना पात्र का ठरवले? सगळेच पात्र होते, तर त्यांना संशोधन सोडून मुंबईत का बसावे लागले? सरकारने आधी नकार दिला, नंतर होकार दिला. दोन्ही वेळी कारण विद्यार्थ्याच्या हाती लेखी पडायला हवे होते.

या विलंबाची किंमत कोण मोजतो? पीएच.डी.ची मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते. अधिछात्रवृत्तीचा हप्ता लांबला म्हणून ती थांबत नाही. क्षेत्रभेटीचा खर्च, खोलीचे भाडे, प्रयोगशाळेतली रसायने यांतले काहीच थांबत नाही. घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठापर्यंत पोचलेले असते, त्या घराकडे वर्षभर उसनवारी करण्याची ऐपत नसते. मग मुलगा तासिका तत्त्वावर शिकवायला जातो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि प्रबंध मागे पडतो. ज्यांच्यासाठी या संस्था उभ्या राहिल्या, त्यांनाच ही झळ सर्वाधिक बसते.

या झळेची नोंद कुठे होते? आजचे लेखापरीक्षण दिलेला पैसा कुठे गेला हे तपासते. नाकारलेल्या अर्जाचे काय झाले, हे सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. वास्तविक माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे 2005 पासूनचे कर्तव्य आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागू नये. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये प्रस्ताव नाकारला गेला, तरी तज्ज्ञांचे अभिप्राय, त्यांची नावे वगळून, अर्जदाराला मिळतात. कुठे कमी पडलो हे कळले, तर पुढचा अर्ज सुधारतो. आपल्याकडे 'अपात्र' एवढ्या शेऱ्यावर बोळवण होते.

विभागाकडून निधी वेळेवर येत नाही, अशी अडचण संस्था सांगू शकतात. ती खरीही असेल. बार्टी सामाजिक न्याय, सारथी नियोजन आणि महाज्योती इतर मागास बहुजन कल्याण, असे तीन विभागांचे हे तीन कारभार आहेत. निधी खरोखर उशिरा येत असेल, तर तो कोणत्या तारखेला मागितला आणि कोणत्या तारखेला आला, हेही संकेतस्थळावर टाकावे. दोष कोणाचा हे लोकांना कळू द्यावे.

हे सगळे घडवून आणण्यासाठी नवे महामंडळ नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हाताशी आहे. त्यात सेवेला मुदत असते, अपिलाची सोय असते, शेवटचे अपील विभागाबाहेरच्या आयोगाकडे जाते आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जावरचा सकारण निर्णय आणि अधिछात्रवृत्तीचा प्रत्येक हप्ता या दोन सेवा मुदतीसह या कायद्याखाली अधिसूचित कराव्यात. जागा किती, निकष कोणते, गुणांकन कसे, हे जाहिरातीतच छापावे आणि अर्ज आल्यानंतर त्यात बदल करण्यास मनाई असावी. तिन्ही विभागांच्या मंत्र्यांनी पुढची जाहिरात निघण्याआधी तसा शासन निर्णय काढावा.