हौसेचं स्टिकर झालं, ट्रॉलीच्या पट्टीचं काय?

काटोल, कळमेश्वरकडून नागपुरात गाडी नेणाऱ्याला धरमपेठेच्या सिग्नलवर काच अन् नंबर प्लेटची धास्ती असते. काचेवर काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ ला बंदी घातली. नंबर प्लेटवर 'दादा', 'सरपंच' किंवा जातीचं नाव चालत नाही. कलम १७७ प्रमाणे पहिल्यांदा ५०० रुपये दंड, पुन्हा सापडलं तर १५००. अख्ख्या गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप लावलं, तर आरसीवरचा रंगही आरटीओतून बदलून घ्यावा लागतो.

पण ज्या स्टिकरने जीव वाचतो, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. कापूस, संत्रा भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असते. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लागायला जागा उरत नाही. चालान शहरात फाटते, जीव गावच्या रस्त्यावर जातो.

पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, अशी चमकणारी पट्टी लावायची. आधी पत्र्यावरची धूळ, ऑइल पुसून कोरडं करा, नाहीतर पट्टी आठवड्यात निघते. हंगाम सुरू व्हायच्या आधी हे काम उरकलेलं बरं.