उपासाचा उपदेश आणि उपासमारीचा आजार

मधुमेहावर उपास करा आणि गोळ्यांतून सुटा, असा उपदेश अलीकडे सर्व बाजूंनी ऐकू येतो. व्याख्यानांच्या व्यासपीठावरून तो होतो, भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून होतो आणि सकाळी बागेत फेरफटका मारणाऱ्या निवृत्त मंडळींच्या घोळक्यातही होतो. कुणी रोज सोळा तास पोटात अन्न न घालण्यास सांगतो, कुणी आठवड्यातून दोन दिवस जवळजवळ उपाशी राहण्यास. पैसा नको, डॉक्टर नको, सरकारही नको. हवा तो फक्त मनोनिग्रह, असा या उपदेशाचा सारांश आहे. रोग ज्याचा, जीभ त्याची, तेव्हा दोषही त्याचाच, ही त्याची न उच्चारलेली बाजू होय. तिची झडती घेणे आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील १० कोटी १० लाख माणसे मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. गोव्यात तर प्रौढांमधील हे प्रमाण २६.४ टक्के आढळले. एवढ्या मोठ्या जनसमूहाला दिला जाणारा सल्ला हा खाजगी छंदाचा विषय राहत नाही.

उपासात काहीच तथ्य नाही, असे म्हणणे मात्र अडाणीपणाचे ठरेल. १८७०-७१ मध्ये पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला आणि शहरात अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत असल्याचे बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या ध्यानी आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी याच तत्त्वावर कडक उपासाची उपचारपद्धती उभी केली. तिने काही रुग्णांचे आयुष्य वाढले, हे खरे. पण ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हते ती मुले हाडांचे सापळे होऊन जगत होती, आणि त्यांतली कित्येक रोगाऐवजी भुकेने मेली, हेही तितकेच खरे. त्यांना वाचवले ते १९२१ साली टोरांटोत लागलेल्या इन्सुलिनच्या शोधाने. संशोधकांनी १९२३ साली त्याचे एकस्व प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्याच इन्सुलिनच्या जागतिक बाजारपेठेवर पुढे तीन बहुराष्ट्रीय कंपन्यांची पकड बसली. विज्ञानाने समाजाला दिलेले दान भांडवलाच्या तिजोरीत कसे जाते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आधुनिक पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीत रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ उष्मांकांचाच आहार देण्यात आला. वर्षाअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात राहिला. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्के होते. यकृतात व स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिनचे कार्य सुधारते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. उपासाचे प्रचारक हे आकडे मोठ्या हौसेने सांगतात. त्यामागच्या अटी मात्र गाळतात. हे सारे रुग्ण वजनदार होते, त्यांचे निदान होऊन सहा वर्षे उलटलेली नव्हती, आणि इन्सुलिनवर असलेल्यांना त्यात घेतलेच नव्हते. गोळ्या बंद करण्यापासून पुन्हा नेहमीचे अन्न सुरू करण्यापर्यंतची प्रत्येक पायरी प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली पार पडली. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या दवाखान्यांत, सार्वजनिक व्यवस्थेच्या बळावर हे यश मिळाले. त्याचे श्रेय एकट्या मनोनिग्रहाला देणे ही सत्याची मोडतोड आहे.

आता हाच सल्ला आपल्याकडे कोणाच्या पदरात पडतो ते पाहू. गरीब रुग्णाच्या हाती सरकारी दवाखान्यातून बहुधा ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या जातीची स्वस्त गोळी येते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. रुग्ण जेवला आहे की नाही, याची ती चौकशी करीत नाही. अशा माणसाने गोळी घेऊन उपास धरला तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते आणि वेळीच साखर मिळाली नाही तर शुद्ध हरपते. आरामखुर्चीत बसलेल्याला हे झाले तर शेजारी धावून येतात. हातात कोयता घेऊन उसाच्या फडात उभ्या असलेल्याला किंवा मालमोटारीच्या चाकावर बसलेल्याला झाले तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. ज्या नव्या औषधांत हा धोका कमी, ती एकस्वाची मुदत संपेपर्यंत श्रीमंतांचीच राहिली. सिटाग्लिप्टिनचे एकस्व २०२२ साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली संपताच त्यांच्या किमती कोसळल्या. औषध मुळात महाग नव्हते, मक्तेदारी महाग होती, हे त्यावरून सिद्ध झाले.

धार्मिक उपासांबाबतही विवेक शक्य आहे. रमजानचे रोजे धरणाऱ्या मधुमेहींसाठी वैद्यकीय संघटनांनी तपशीलवार सूत्रे आखली आहेत. रोजे सुरू होण्याआधी जोखमीनुसार रुग्णांची वर्गवारी करावी, औषधांची मात्रा व वेळा बदलाव्यात, रक्तशर्करा ७० च्या खाली गेली तर रोजा तत्काळ सोडावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडची एकादशी दुसऱ्याच टोकाची. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी आणि जोडीला बटाटा पोटात गेला की रक्तातील साखर भराभर चढते. सकाळभर कोरडा उपास, दुपारी साबुदाणा आणि वर नेहमीची गोळी, हा उपचार नव्हे. तो शरीराला दिलेला झोका आहे.

परंतु या उपदेशातील सर्वांत मोठी विसंगती याहून खोल आहे. भारतीयांच्या मधुमेहाची मुळे केवळ अतिसेवनात नाहीत, ती उपासमारीतही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. या बालकांचे स्नायू तोकडे होते, पण चरबी मात्र तुलनेने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त अशा या देहात मधुमेहाचे बीज जन्माआधीच पडलेले असते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जी मुले आईच्या गर्भात होती, त्यांच्यातही पन्नाशीच्या सुमारास साखर पचविण्याची क्षमता उणावलेली आढळली. कुपोषणातून उद्भवणाऱ्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली स्वतंत्र स्थान दिले आणि १९९९ साली ते काढून घेतले. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या अधिवेशनात त्याला ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली. गरिबांच्या रोगाला नाव मिळवण्यासाठीसुद्धा पाव शतक तिष्ठत राहावे लागते! अशा कृश रुग्णाला उपास सुचवणे म्हणजे ज्या भुकेने तो आजारी पडला, तिचीच मात्रा पुन्हा देणे होय.

यावर आक्षेप घेतला जाईल की, निदान जे वजनदार आहेत त्यांनी तरी स्वतःची जबाबदारी घ्यावी. जरूर घ्यावी. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेला दोनच वेळा जेवण्याचा कार्यक्रम अनेकांनी स्वखुशीने पत्करला आहे, आणि वजन उतरल्याने कुणाची साखर उतरली तर त्याचे स्वागतच आहे. प्रश्न निवडीच्या सामर्थ्याचा आहे. ऊसतोड कामगाराची जोडी पहाटेपासून टनावर राबते. एक दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. तिने केव्हा जेवावे हे ती ठरवीत नाही, फड आणि कारखान्याची गाडी ठरवते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. डाळीचा व तेलाचा दिला नाही. ज्या ताटात भात आणि पोळीखेरीज फारसे काही पडतच नाही, त्या ताटाच्या मालकाला पिष्टमय पदार्थ कमी करा असे सांगणे ही थट्टा आहे.

म्हणून मागणी उपासाच्या विरुद्ध नाही, सुटसुटीत उपदेशाच्या विरुद्ध आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तशर्करा मोजण्याच्या पट्ट्या अखंड व मोफत मिळाल्या पाहिजेत. उपास करू इच्छिणाऱ्या रुग्णाची गोळी बदलून देणारा डॉक्टर आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी परिचारिका तेथे हजर हवी. रिकाम्या जागा भरल्याशिवाय ते होणार नाही. एकस्वमुक्त झालेली सुरक्षित औषधे सरकारी यादीत आली पाहिजेत. रेशनवर डाळ, तेल व भरड धान्य मिळाले पाहिजे, गर्भवतीला पोटभर व सकस अन्न मिळाले पाहिजे, आणि श्रमिकाला जेवणाची सुट्टी हक्काने मिळाली पाहिजे. हे झाल्यावर कोणी खुशाल उपास करावा; तेव्हा तो त्याचा स्वतःचा निर्णय असेल. तोवर, ज्यांच्या कित्येक पिढ्या सक्तीने उपाशी राहिल्या, त्यांना स्वेच्छेने उपाशी राहण्याचे धडे देण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नाही.